पेपरापुरतं बोलणं

मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी आहे असं कुणी विचारलं, तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या धाकट्या चुलत भावाची बायको. नात्यानं माझ्या भावजय. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात भाया, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, धाकट्या भावजयीला नावानं हाक मारत नाही, आणि ती त्याच्याशी समोरासमोर बोलत नाही. तो वट्यावर आला की ती पदर सारखा करून आत जाते. त्याला वाढायचं असेल तर सासू वाढते. हे कुणी बसवून शिकवत नाही. चुलीच्या धुराची सवय होते तशी याचीही होते.

त्यांचं नाव मी आयुष्यात एकदाच मोठ्यानं उच्चारलं, ते कॉलेजच्या ऑफिसात. तिथल्या अर्जावर लेखनिकाचं नाव लागतं. लेखनिक म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला प्रश्न वाचून दाखवणारा, आणि तो सांगेल ते उत्तर त्याच्या वतीनं कागदावर उतरवणारा माणूस. माझ्या बी.ए.च्या तिन्ही वर्षांचे जवळजवळ सगळे पेपर त्यांनी लिहिले. माझ्या पदवीवर नाव माझं आहे. अक्षर सगळं त्यांचं.

आमचं घर मुळशीत, घोटावड्याच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला. वडील आणि चुलते मेंढरं राखायचे, दारात पाच-सहा शेरडं. दोन्ही भावांची घरं शेजारी, पण वटा एकच, त्यामुळे भांडणंही एकाच वट्यावर आणि चहाही. लहानपणी दिवस कलला की मी मेंढरांमागे अडखळायचो. चुलते म्हणायचे, "ह्याच्यापरीस ते आंधळं कोकरू बरं चालतंय." आईला कुणीतरी सांगितलं की रातांधळं आहे, कलेजी चारा. मग बोकड कापला की कलेजी माझ्या ताटात. मला ती आवडायची, त्यामुळे मी काही बोललो नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं की डोळ्याचा पडदा वाळत जाणार आणि त्याला औषध नाही. दहावीचे आणि बारावीचे पेपर मी खिडकीजवळ बसून जाड पेनानं लिहिले. कॉलेजात जाईपर्यंत फळा आणि भिंत यांच्यातला फरक गेला होता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. त्यामुळे तिथे आपल्याला काय मागता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. इतिहासाच्या बाईंनी मला पहिल्या महिन्यातच बाजूला घेऊन सांगितलं. परीक्षेला लेखनिक मिळतो. जादा वेळ मिळतो. वेगळी खोली मिळते. पुस्तकं आवाजात भरून देता येतात. मी म्हटलं, "एवढी सवलत मला कशाला, मॅडम?" त्या म्हणाल्या, "सवलत म्हणू नकोस. बाकीच्यांना बाकं दिलीत, त्याला कुणी सवलत म्हणतं का?"

मला हे पटलं, पण गावात पटवणं अवघड होतं. घोटावड्याच्या फाट्यावर सहाआसनीची वाट बघताना माझ्याबरोबर दहावीला असलेला एकजण दर वेळी विचारायचा, "काय रं, पेपर लिहिणार दुसरा, मग पास कोन व्हनार?" त्यावर सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी बरीच वर्षं शोधत होतो.

ऑफिसातल्या कारकुनानं एक नियम सांगितला होता. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला पाहिजे, एक पायरी खाली. नाहीतर तोच आपल्या मनानं उत्तरं लिहील. धाकटा चुलत भाऊ माझ्याबरोबर आला होता. त्यानं घरी येऊन हे आपल्या पद्धतीनं सांगितलं. "शिकल्यालं मानूस नगं म्हनत्यात. कमी शिकल्यालं पायजे."

"आगं बया," चुलती म्हणाली, "मग आमी समद्याच बसतो की परीक्षेला."

पहिल्या परीक्षेसाठी मी गावातल्या बारावीच्या एका मुलाला विचारून ठेवलं होतं. परीक्षा दोन दिवसांवर आली आणि त्याच्या आईनं निरोप पाठवला, त्याची स्वतःची चाचणी आहे, तो येणार नाही. संध्याकाळी सगळे वट्यावर बसले. चुलते तंबाखू मळत होते. शिकलेल्या माणसांची मोजणी चालली होती. एक नेऱ्याला कंपनीत लागलेला, एक मारुंजीला भाड्यानं राहायला गेलेला, एकाचं अक्षर असं की त्याचं त्यालाच वाचता येत नाही.

भाऊ म्हणाला, "आपल्या घरातच हाय की बारावी झाल्याली."

आत बांगड्यांचा आवाज चालू होता तो थांबला.

"येडा का खुळा तू?" चुलती म्हणाली. "भायाम्होरं बसून तीन तास? लोकं श्यान घालतील त्वांडात."

माझी आई म्हणाली, "त्याला दिसतंय का काय? पदर घेतला काय न् न्हाई घेतला काय."

"दिसत न्हाई, पर कान हायेत की त्याला सशावानी."

माझं वर्ष त्या वट्यावर बसलेल्या माणसांच्या हातात होतं आणि मला त्यांच्याकडे बघताही येत नव्हतं. शेवटी चुलत्यांनी तंबाखू तोंडात टाकून निकाल दिला. "त्यात बोलायचं कुटं आलं? ह्यो सांगंल, ती लिवंल. तिनं त्वांड उघडायचंच न्हाई. झालं?"

सगळ्यांना ते एकदम पटलं. मलाही पटलं. प्रश्नपत्रिका मला वाचून कोण दाखवणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पेपरच्या दिवशी आम्ही तिघं सहाआसनीनं निघालो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, त्या मागे, आणि त्यांच्याशेजारी चुलती राखणीला. आम्हाला भूगोलाची प्रयोगशाळा दिली होती. जुन्या नकाशांच्या कापडाचा वास यायचा तिथे, आणि भिंतीशी कुठेतरी एक पृथ्वीचा गोल होता. वारा आला की तो किरकिरत फिरायचा. चुलती बाहेर बाकड्यावर बसली. पर्यवेक्षक निवृत्तीला आलेले एक सर होते.

घंटा झाली. कागद फाडल्याचा, उलगडल्याचा आवाज आला. पेनाचं टोपण निघालं. मग शांतता. मी प्रश्नाची वाट बघत होतो. त्या उत्तराची वाट बघत होत्या. गोल किरकिरला.

"सुरू करा," सर म्हणाले. "वेळ चाललाय."

मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "प्रश्न कळला तर उत्तर सांगता येईल." त्यांच्याकडे बघून बोललो नाही, कारण तेवढी रीत मलाही होती.

खुर्ची सरकली. बांगड्या सरांच्या टेबलापर्यंत गेल्या. मग अगदी हळू आवाज, "सर, त्यांना सांगा ना, पहिला प्रश्न असा हाय..."

"अहो ताई, मी पर्यवेक्षक आहे. प्रश्न तुम्ही वाचायचा. मी वाचायला लागलो तर मला घरी पाठवतील." मग त्यांना काहीतरी लक्षात आलं असावं. "हे कोण तुमचे?"

"भाया."

सरांनी पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "माझी धाकटी भावजय," ते म्हणाले, "लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, अजून मी आलो की दाराआड उभी राहते. मला कळतं. पण ताई, हे घर नाही. इथे तुम्ही सून नाही आणि हे भाया नाहीत. हे परीक्षार्थी, तुम्ही लेखनिक. कागदावर तसं लिहिलंय. तीन तासांनी बाहेर गेलात की काय ते तुमचं तुम्ही बघा."

बांगड्या परत आल्या. खुर्ची जरा तिरकी ठेवल्याचं मला कळलं, खिडकीकडे तोंड केलं असावं. आणि मग शाळेत प्रार्थनेनंतर बातम्या वाचतात तसा एक मोठा, ताठ, थोडा कापरा आवाज त्या खोलीत उमटला.

"प्रश्न पहिला. खालीलपैकी कोणत्याही दोन प्रश्नांची उत्तरे सविस्तर लिहा."

त्यांचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

बाहेर आल्यावर चुलतीनं विचारलं, "बोललीस व्हय गं?"

"न्हाई आत्याबाई. निस्तं वाचलं."

"वाचलं तर चालतंय," चुलती म्हणाली, आणि प्रश्न मिटला. आमच्या घरात तेव्हापासून तसंच ठरलं. बोलणं पेपरापुरतं.

घरी त्या पुन्हा गप्प. म्हणजे अगदी गप्प असं नाही. त्यांना मला काही सांगायचं असलं आणि चुलती शेतावर गेलेली असली, तर त्या दारातल्या एका करड्या शेळीला सांगायच्या. "ए, चहा ठिवलाय वट्यावर, गार व्हतोय." शेळी रवंथ करत राहायची आणि मी हात लांब करून कप घ्यायचो. "ए, पायरीवर बादली हाय, कुनी पडंल." मी बादली चुकवायचो. मीही मग शेळीलाच म्हणायचो, "चहात साखर जास्त झाली." आतून हसण्याचा आवाज यायचा. ही सोय कुणी ठरवली नव्हती. चुलतीला ठाऊक होती, पण शेळीशी बोलू नको असं सुनेला कोण सांगणार?

माझा सगळा अभ्यास त्या वट्यावर चालायचा. इतिहासाच्या बाईंनी वर्गातल्या मुलींकडून पुस्तकं मोठ्यानं वाचून माझ्या फोनमध्ये भरून दिली होती. मी ती दिवसभर लावून बसायचो. चुलती वैतागायची, "ह्याचा फोन तर मेंढराम्होरल्या कुत्र्यावानी वरडतोय." आत भाकरी थापण्याचा आवाज चालू असायचा. एखादा धडा मी परत मागे घेऊन ऐकायला लागलो की तो आवाज थांबायचा आणि धडा पुढे गेला की परत सुरू व्हायचा. मला वाटायचं पीठ संपलं असेल.

पेपरमध्ये त्यांचं स्वतःचं असं एकच वाक्य होतं. बाकी सगळे शब्द प्रश्नपत्रिकेचे किंवा माझे. मी उत्तर सांगता सांगता हरवलो, वाक्याचं टोक सुटलं, की पेन थांबायचं. थोडं थांबून त्या विचारायच्या, "परत वाचू का?" मी म्हणायचो, "वाचा." त्या प्रश्न परत वाचायच्या, पहिल्यासारखाच, एकाही शब्दावर जोर न देता. लेखनिकानं सुचवायचं नसतं. नियम सरांनी एकदाच सांगितला होता, पण त्यांनी तो व्रतासारखा धरला.

दुसऱ्या वर्षी राज्यशास्त्राच्या पेपरला मी राज्यपालांचे अधिकार विचारले असताना राष्ट्रपतींचे सांगितले, आणि पुढच्या प्रश्नात राष्ट्रपतींचे विचारले तेव्हा राज्यपालांचे. दोन्ही वेळा पेन मध्येच थांबलं.

"परत वाचू का?"

"वाचा."

त्यांनी वाचलं. मला काही उमगलं नाही. मी तेच पुढे रेटलं आणि पेन निमूटपणे चालत राहिलं. संध्याकाळी मी वट्यावर बसलो होतो. आतून बादली आदळली आणि त्या शेळीवर करवादल्या, "समदं उलटं सांगितलंस की गं बये! ह्येचं त्येला न् त्येचं ह्येला! परत परत वाचलं तरी डोक्यात शिरंना!"

शेळी दचकून उठली. मी कपाळाला हात लावला. नंतर हसूही आलं, कारण एवढी रागावलेली त्यांची वाणी मी कधी ऐकली नव्हती. पण त्या रात्री मला त्या फाट्यावरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ज्यांना बरोबर उत्तर माहीत होतं त्यांनी माझं चुकीचं उत्तर माझं म्हणून लिहिलं. म्हणजे पास किंवा नापास जो काही होणार होता तो मीच. त्यांनी पेनाच्या एका फटक्यात मला ते मार्क दिले असते, सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी दिले नाहीत. माझ्या पदवीत त्या विषयाचे मार्क कमी आहेत आणि ते मला बाकीच्या मार्कांपेक्षा जास्त प्रिय आहेत.

शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर इतिहासाचा होता. तेच सर, तीच प्रयोगशाळा. पेपर चांगला गेला. उत्तरं संपली तेव्हा जादा वेळ अजून बराच शिल्लक होता. बाकीच्या खोल्यांमधली मुलं ओरडत जिन्यावरून उतरून गेली होती. परीक्षा संपल्याचा तो गोंगाट हळूहळू फाटकापाशी गेला आणि नाहीसा झाला. मी उठायला हवं होतं. मी बसून राहिलो.

"झालं ना?" सर म्हणाले.

"जादा वेळ आहे ना, सर?"

"आहे की. तो तुमचाच आहे."

मला काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं. धन्यवाद म्हणायचं होतं. पण त्या खोलीत फक्त प्रश्न आणि उत्तरं बोलायची असतात, आणि त्या खोलीबाहेर तेही नाही. गोल किरकिरत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "परत वाचू का?"

सगळं लिहून झालं होतं. वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वाचा," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळी प्रश्नपत्रिका वाचली. सूचना वाचल्या. उजवीकडचे अंक पूर्ण गुण दर्शवतात, हे वाचलं. सोडून दिलेले पर्यायही वाचले. आता त्या आवाजात कंप नव्हता, ताठपणाही नव्हता. ओढ्याच्या कडेनं कुणी रमतगमत चालावं तसा तो आवाज होता. शेवटचा प्रश्न वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली, आणि घडी घालून झाल्यावरही लगेच उठल्या नाहीत. मला वाटलं त्या काही विचारणार आहेत. मग सरांनी कागद मागितले.

मी पास झालो. हिंजवडीच्या एका कंपनीत फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम मिळालं. आता मी मारुंजीला एका खोलीत राहतो. खाली टेम्पो उभे असतात, समोर नव्या सोसायटीचं काम चालू असतं. दिवसभर माझ्या कानात माणसं असतात, मराठी, हिंदी, इंग्रजी, चिडलेली, रडवेली. माझा फोन आणि कॉम्प्युटर मला सगळं वाचून दाखवतात. त्यातल्या बाईचा आवाज स्वच्छ आहे, ती कधी अडखळत नाही. पण ती कधी थांबत नाही आणि परत वाचू का असंही विचारत नाही. परत ऐकायचं असेल तर मीच बोट मागे फिरवायचं.

मला त्या प्रयोगशाळेची आठवण येते. परीक्षेची आठवण येणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. सहकाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणतात, वेडा आहेस, आम्हाला अजून पेपर बुडाल्याची स्वप्नं पडतात. मला उलट स्वप्न पडतं. मी खुर्चीवर बसलोय, पेनाचं टोपण निघालंय, आणि आता कुणीतरी प्रश्न वाचणार आहे. जाग येते तेव्हा खाली टेम्पो चालू झालेला असतो.

यंदा मेंढरं कातरायची होती तेव्हा मी सुट्टी काढून घरी गेलो. कातरण्याचं काम मेंढरांच्या वाड्यावर चालू होतं. मी वट्यावर लोकर भरलेल्या पोत्याला टेकून बसलो होतो. ती करडी शेळी आता राहिली नाही, तिची पाठ, म्हणजे तरणी लेक, दारात बांधलेली आहे. चुलती माझ्यासाठी शेंगा सोलत होती. नेहमीप्रमाणे कुणाचं लग्न, कुणी जमीन विकली, कुणाच्या खोल्यांना भाडेकरू मिळेना, असं सांगता सांगता ती मध्येच म्हणाली,

"हिला बी शिकायचं व्हतं की रं. तुजं दुसरं वरीस चालू व्हतं तवा. घरी बसून शिकत्यात ते कॉलेज हाय ना, मुक्त का काय? तितनं कागूद बी आनला व्हता तुज्या भावानं. भरायचा म्हनून बसली आन् मग ठिवून दिला."

"का?"

"तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, लिवनारं मानूस कमी शिकल्यालं लागतंय. ती म्हनली, आत्याबाई, म्या कॉलेजात गेले तर भायांचं लिवायचं कुनी? त्येंचं हुंदे आदी. मग हुंदे म्हनता म्हनता पोर झाली, आन् ऱ्हायलंच."

चुलतीनं शेंगा माझ्या हातात दिल्या. मी त्या तशाच धरून बसलो.

आतमध्ये भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो चालूच राहिला.

मारुंजीला परत आल्यावर मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर फोन केला. तिथल्या बाईंना विचारलं की मी दुसऱ्या वर्षाला असताना माझी लेखनिक पहिल्या वर्षाला असती तर चाललं असतं का? त्या म्हणाल्या, "एक पायरी खाली म्हणजे काय मग? चाललंच असतं." मी त्यांना परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

एका वाक्याची गोष्ट होती. त्यांनी मला विचारलं असतं तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. पण असली गोष्ट शेळीला कशी सांगायची? आणि प्रयोगशाळेत त्या बोलू शकत होत्या, तर तिथे आपलं काही विचारायची मुभा नव्हती. शेवटच्या पेपरला घडी घातल्यावर त्या थांबल्या होत्या, ते मी आता पुन्हा पुन्हा आठवतो. कदाचित नुसत्या दमल्या असतील. मला माहीत नाही.

मी त्यांना पत्र लिहिलं. मी बोलत गेलो आणि फोननं लिहून घेतलं, मग परत परत ऐकून चुका काढल्या. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं. भाऊ कंपनीची बस चालवतो. तो मारुंजीला आला तेव्हा पाकीट त्याच्याकडे दिलं आणि आत काय आहे तेही त्याला सांगितलं.

"दादा, एवढं लांबडं लिवन्यापरीस फोन लाव की तिला."

"माझ्याशी बोलतील का त्या फोनवर?"

तो हसला. "न्हाई बोलायची." आणि पाकीट त्यानं खिशात घातलं.

ते पत्र असं होतं.

*

भावजयींना,

तुम्हाला काय म्हणून लिहायचं हे ठरवण्यात माझी एक संध्याकाळ गेली. शेवटी जे आहे तेच लिहिलं.

आत्याबाईंनी मला सांगितलं की तुम्ही प्रवेशाचा कागद आणवला होता आणि माझ्यासाठी ठेवून दिलात. मला ते आत्ता कळलं. मी केंद्रावर विचारलं. तुम्ही तेव्हा शिकत असतात तरी माझे पेपर लिहू शकला असतात. मला एक पायरी पुढे असणं पुरेसं होतं. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून लिहू की नको असं झालं. पण तुम्ही माझं चुकलेलं उत्तर कधी झाकलं नाहीत. मग मीही हे झाकू नये.

तुम्ही माझे पेपर लिहिलेत त्याबद्दल मी कधी तुम्हाला काही म्हटलं नाही. सर म्हणायचे, तुमचं अक्षर गोल आहे आणि ओळ थोडी वर चढत जाते. मी ते पाहिलेलं नाही. मला पुन्हा दिसायला लागावं असं आता फारसं वाटत नाही, सवय झाली आहे. पण कधी वाटलंच तर त्या ओळींसाठी वाटतं.

आता कामाचं लिहितो. यंदाच्या प्रवेशाची मुदत अजून संपलेली नाही. बारावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि फोटो लागतात. पहिल्या वर्षाची पुस्तकं माझ्याकडे आवाजात आहेत, ती एका कार्डात भरून याच पाकिटात घातली आहेत. भाकरी थापताना, धार काढताना ऐकता येतील. त्यातली बरीचशी तुम्ही आधीच ऐकलेली आहेत. भाकरीचा आवाज का थांबायचा, ते मला तेव्हा कळलं नाही.

केंद्रावर खिडकीपाशी बरंच बोलावं लागतं. इकडची खिडकी, तिकडची खिडकी, पुन्हा पहिली. मला दिसत नसलं तरी कुठे काय विचारायचं ते मला पाठ आहे. आत्याबाई किंवा भाऊ तुमच्याबरोबर येतील आणि मी मारुंजीहून येईन. खिडकीवरचे काय विचारतील ते मी तुम्हाला सांगेन, तुमचं उत्तर मी त्यांना सांगेन. तुम्ही मला सांगताना भिंतीकडे बघून सांगितलंत तरी चालेल.

मी येत्या रविवारी घरी येतोय. वट्यावर बसेन. तुम्हाला शिकायचं नसेल, आता मन उरलं नसेल, तर तसं शेळीला सांगा, मी ऐकेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. पण शिकायचं असेल तर शेळीला सांगू नका. मला सांगा.

तुम्हाला लगेच सुचलं नाही तर मी थांबेन, आणि थोड्या वेळानं विचारेन, परत वाचू का.

ज्याचे पेपर तुम्ही लिहिलेत,
तो